नॅन्सी वेक्सलर, माराकाइबोचं तळं आणि हंटिंग्टनचा जीन

रानजाई

मेंदूच्या आजारांवर इथे बरेच धागे आहेत, पण गाडी अल्झायमर आणि पार्किन्सनच्या पुढे सहसा सरकत नाही. हंटिंग्टनवर काही दिसलं नाही म्हणून लिहायला घेतलं. आणि हंटिंग्टन म्हटलं की अमेरिकन संशोधक नॅन्सी वेक्सलर आलीच.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग असतो, तिथल्या पेशी मरत जातात. सुरुवात बहुतेकांची तिशी-चाळिशीत. हातपाय आपोआप हलायला लागतात, चालताना झोक जातो, स्वभाव पालटतो, विचार अडखळतो, शेवटी घास गिळता येत नाही. सुरू झाल्यावर साधारण १५-२० वर्षांत सगळं संपतं. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता ५० टक्के. १८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन नावाच्या जेमतेम बाविशीच्या अमेरिकन डॉक्टरने याचं नेमकं वर्णन केलं. त्याचे वडील आणि आजोबा दोघंही लाँग आयलंडवर डॉक्टरकी करायचे, त्यामुळे एकाच घराण्यातले तीन पिढ्यांचे पेशंट त्याच्यासमोर होते. पिढी सोडून हा आजार उडी मारत नाही, हे त्याने तेव्हाच लिहून ठेवलं.

आता नॅन्सी. १९६८ साली लॉस एंजेलिसमध्ये तिची आई लिओनोर सकाळी कोर्टात ज्युरीच्या कामाला निघाली होती. रस्ता ओलांडताना पोलिसाने हटकलं, की बाई, इतक्या सकाळी पिऊन फिरताय, लाज नाही वाटत? लिओनोर प्यायलेली नव्हती. तिचे वडील याच आजाराने गेले होते, तिन्ही भाऊही. आजार पुरुषांनाच होतो अशी तिची समजूत होती. नॅन्सीचे वडील मिल्टन वेक्सलर मनोविश्लेषक. लिओनोरपासून ते वेगळे झाले होते, तरी निदान कळल्यावर त्यांनी ॲलिस आणि नॅन्सी या दोन्ही मुलींना बोलावून सगळं सांगितलं. नॅन्सी तेव्हा २३ वर्षांची. मुलं होऊ द्यायची नाहीत असं दोघी बहिणींनी ठरवलं.

मिल्टन हातपाय गाळून बसले नाहीत. पैसे उभे केले, हेरेडिटरी डिसीज फाउंडेशन काढलं आणि तरुण शास्त्रज्ञांच्या बैठका भरवायला सुरुवात केली. तिथे स्लाइड दाखवायला बंदी! तयार भाषण नको, जे सुचेल ते बोला. मनोविश्लेषकाच्या कोचावरची पद्धत जीवशास्त्रज्ञांवर वापरली म्हणा ना. नॅन्सीने मानसशास्त्रात पीएचडी केली. पुढे अमेरिकी संसदेने हंटिंग्टनसाठी आयोग नेमला, त्याची ती कार्यकारी संचालक झाली.

व्हेनेझुएलाचा धागा १९७२ चा. अमेरिकेत एका परिषदेत तिथल्या एका डॉक्टरने फिल्म दाखवली होती. माराकाइबो तळ्याकाठच्या कोळी वस्त्यांमध्ये एकाच ठिकाणी कितीतरी माणसं या आजाराने हलत-झुलत चाललेली. अमेरिको नेग्रेत या तिथल्याच डॉक्टरने १९५० च्या दशकात ते हेरलं होतं. त्यालाही आधी ही माणसं दारू प्यायलेलीच वाटली. नॅन्सी १९७९ मध्ये पहिल्यांदा तिथे गेली आणि १९८१ पासून दर वर्षी टीम घेऊन जायला लागली. बरांकितास, माराकाइबो शहरातली सान लुईस वस्ती, लागुनेता नावाचं पाण्यात खांबांवर उभं असलेलं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेलेल्या मारिया कॉन्सेप्सिऑन नावाच्या एका बाईपर्यंत ही सगळी वंशावळ मागे जाते. होता होता त्या वंशावळीत १८ हजारांहून जास्त माणसं नोंदली गेली आणि ४ हजारांहून जास्त जणांचं रक्त गोळा झालं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. रक्त कोण देणार? गोऱ्या बाया येतात, सुया टोचतात, निघून जातात. लोक बिचकत होते. तुम्ही अमेरिकेतले लोक का नाही देत रक्त, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. नॅन्सीने सांगितलं, माझ्या आईलाही हाच आजार होता, मलाही होऊ शकतो आणि मीही नमुना दिलाय. तिच्या दंडावर कातडीचा तुकडा काढल्याचा व्रण होता. टीममधल्या फिदेला गोमेस या व्हेनेझुएलाच्या नर्सने तिचा हात धरला आणि प्रत्येकासमोर नेऊन दाखवत सुटली, हिच्याकडेही खूण आहे, हिच्याकडेही खूण आहे!

त्या रक्ताच्या नळ्या विमानाने बॉस्टनला जेम्स गुसेलाच्या लॅबमध्ये जायच्या. डीएनएमध्ये माणसागणिक बदलणाऱ्या खुणा असतात. घराण्यात आजार जिथे जिथे जातो तिथे तिथे एखादी खूण बरोबर जात असेल, तर दोषी जीन (म्हणजे जनुक) त्या खुणेच्या शेजारी असणार. अशा शेकडो खुणा तपासाव्या लागतील, आयुष्य जाईल, असं भलेभले म्हणत होते. गुसेलाला पहिल्या डझनभरातच सापडली. चौथ्या गुणसूत्राच्या टोकाला. हा योगायोग असण्याची शक्यता कोट्यवधींत एक. नोव्हेंबर १९८३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नशीब होतंच, पण एवढं मोठं घराणं हाताशी नसतं तर ते नशीब आकड्यांत सिद्ध करता आलं नसतं.

शेजार सापडला, घर सापडायला मात्र आणखी दहा वर्षं लागली. सहा लॅब, ५८ शास्त्रज्ञ. एकमेकांशी स्पर्धा करायची सवय असलेल्या या मंडळींना एकत्र बांधून ठेवायचं कामही बरंचसं नॅन्सीचंच. मार्च १९९३ मध्ये जीन हाती लागला. पेपरवर लेखक म्हणून कुणा एकाचं नाव नाही, गटाचं आहे.

शास्त्रज्ञ म्हटलं की आपल्याला सूक्ष्मदर्शक आठवतो. नॅन्सीचं खरं काम माणसांशी बोलण्याचं होतं, आणि त्या बोलण्याला मी शास्त्रच म्हणेन, समाजसेवा नाही.

घाटवाट

जबरदस्त लिहिलंयस. पोलिसाचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये. एक शंका : ५० टक्के म्हणजे दोन बहिणींपैकी एकीला होणार असंच ना?

आडवाटेचा डॉक्टर

नाही घाटवाट. प्रत्येक मुलासाठी नाणेफेक नव्याने होते. दोघींना होऊ शकतो, दोघीही सुटू शकतात. ओपीडीत हा प्रश्न दर वेळी येतो. "थोरल्याला झालाय ना, मग धाकटा सुटला" असं घरचे धरून चालतात आणि नेमका धाकट्याकडे बघायचं राहून जातं.

धाग्यात थोडी भर घालतो. चौथ्या गुणसूत्रावरच्या या जीनमध्ये सी-ए-जी ही तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात, रेकॉर्डची पिन अडकल्यासारखी. २६ वेळांपर्यंत आली तर काही नाही. २७ ते ३५ असतील तर स्वतःला आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो, विशेषतः वडिलांकडून आला तर. ३६ ते ३९ मध्ये होईलही, नाहीही. ४० आणि पुढे असेल तर माणूस पुरेसा जगला की आजार होणारच. ६० च्या वर गेला तर लहानपणी किंवा विशीच्या आतही सुरू होऊ शकतो. या जीनपासून जे प्रथिन बनतं त्याला हंटिंग्टिन म्हणतात. अक्षरं वाढली की प्रथिन बिघडतं आणि पेशीत त्याचे गोळे साठतात.

रानजाईने एक गंमत लिहिली नाही. वेक्सलरबाई मुळात व्हेनेझुएलाला रक्ताच्या या खुणांसाठी गेल्याच नव्हत्या. आई आणि वडील दोघांनाही आजार आहे, असं मूल त्या शोधत होत्या. दोन्हीकडून दोष आलेल्या माणसात मूळ बिघाड ठळक दिसेल असा हिशोब होता. तशी माणसं सापडली. १९८७ मध्ये ते छापून आलं. पण झालं उलटंच. दोन प्रती असलेल्यांचा आजार एका प्रतीवाल्यांसारखाच दिसला. तोपर्यंत माणसाच्या आजारात इतकं निखळ प्रभावी, म्हणजे एकाच प्रतीने पूर्ण आजार देणारं जनुक कुणी दाखवलं नव्हतं.

तिरफळ

मी सहसा वाचनमात्र असते, पण आज लिहितेच. आमच्या आजोळी, तळकोकणात, सुतारकाम करणारे एक मामा होते. नात्यातले नव्हेत, पण सगळी वाडी मामाच म्हणायची. चाळिशी उलटल्यावर त्यांचं काम बिघडायला लागलं. रंधा मारताना हात मध्येच उडायचा आणि फळीवर खोल खाच पडायची. मग लोक दारं-खिडक्यांची कामं दुसऱ्याला द्यायला लागले. चालताना झोकांड्या. "सकाळीच टाकून आला हा" हे वाक्य मी लहानपणी कितीदा ऐकलंय. मामी बिचारी शपथा घ्यायची, की ह्यांनी थेंबसुद्धा घेतलेला नाही. कुळाचाराचं झालं, देवस्कीचं झालं, गाऱ्हाणं घालून झालं. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी नसांची कमजोरी म्हणून वर्षभर बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. मुंबईला नेल्यावर निदान झालं तेव्हा मामांना उभंही राहता येत नव्हतं.

लॉस एंजेलिसचा पोलीस काय, व्हेनेझुएलाचा डॉक्टर काय आणि आमची वाडी काय, सगळ्यांना आधी दारूच दिसते.

मामांचा मुलगा आता २७ वर्षांचा आहे. पुण्यात नोकरीला. घरात स्थळं बघतायत. मामीचं म्हणणं, कुणाला काही बोलायचं नाही. तो मला विचारत होता, ताई, टेस्ट करू का? मी काय सांगणार? रानजाई, नॅन्सीने स्वतःची टेस्ट केली होती का?

रानजाई

तिरफळ, लिहिलंत ते बरं केलंत.

तुमचा प्रश्न तिला आयुष्यभर विचारला गेला. १९८३ चा शोध लागल्यावर १९८६ पासून आजार व्हायच्या आधीच सांगू शकणारी टेस्ट सुरू झाली. ती शक्य झाली तिच्याच कामामुळे. टेस्ट आली की आपण करणारच, असं तिलाही आधी वाटत होतं. प्रत्यक्षात आल्यावर मन मागेपुढे व्हायला लागलं. केली की नाही, हे तिने पुढे कित्येक वर्षं जाहीर केलं नाही. पत्रकार खोदून खोदून विचारायचे, ती उत्तर टाळायची. कारण तिने काहीही सांगितलं असतं तरी जगभरच्या घराण्यांनी तिचा कित्ता गिरवला असता.

मार्च २०२० मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, तिने न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं की तिलाही हंटिंग्टन आहे. जवळच्यांना तिच्या हालचालींवरून आधीच कळलं होतं. तरी जाहीर बोलायला वेळ घेतला. आजार लपवायला लावणारी लाज गेली पाहिजे, म्हणून बोलले असं तिचं सांगणं.

मोघम

लेख चांगला आहे, पण आरतीचं ताट जरा बाजूला ठेवून बोलू का?

रक्त कुणी दिलं? ज्यांच्याकडे धड प्यायचं पाणी नव्हतं अशा कोळ्यांनी. टेस्ट कुणाला मिळाली? अमेरिका-युरोपातल्या समुपदेशक परवडणाऱ्यांना. माराकाइबो तळ्याखाली तेल, त्यावर एक देश श्रीमंत झाला, काठावरचे आहेत तिथेच. रक्ताचंही तेलासारखंच झालं. वेक्सलरबाईंचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण "हिच्याकडेही खूण आहे" हे दाखवून मिळवलेल्या विश्वासाचा हिशोब व्हायला नको का?

रानजाई

व्हायलाच हवा. फक्त पूर्ण हिशोब मांडा. टीम जायची तेव्हा पेशंट तपासणं, औषधं, कपडे, खाणंपिणं हेही चालायचं. १९९९ मध्ये सान लुईसमध्ये कासा ओगार नावाचं शुश्रूषा केंद्र उभं राहिलं. त्यामागे फाउंडेशनचा पैसा होता. आणि शेवटी बाई स्वतः त्याच आजारात सापडली. रक्त घेऊन मजेत राहणाऱ्यांतली ती नव्हे.

मोघम

ते केंद्रही बंद पडलं, हेही लिहा की. व्हेनेझुएलाचा डोलारा कोसळल्यावर औषधं सोडा, पेशंटला अन्नही मिळेना. आणि या आजारात शरीर सतत हलत असल्याने खायला जास्त लागतं. बाईंना आजार झाला हे वाईटच, पण त्याने बरांकितासच्या माणसाचं देणं फिटत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आडवाटेचा डॉक्टर

मोघम, जास्त खायला लागतं हे अगदी बरोबर. वजन घटणं हा मोठाच त्रास आहे. देण्याबद्दलही तुमच्याशी बऱ्यापैकी सहमत. फक्त "रक्त नेलं आणि संपलं" असं झालं नाही. अक्षरांचा आकडा तोच असूनही एकाला तिशीत आणि दुसऱ्याला पन्नाशीत का होतो, हे शोधायला हीच घराणी कामी आली. २००४ मध्ये त्यावर पेपर आला. आकड्याने जे उलगडत नाही त्या फरकातला सुमारे ४० टक्के भाग इतर जनुकांचा आणि ६० टक्के परिस्थितीचा, असा त्यांचा हिशोब. पुढे जगभरच्या हजारो पेशंटच्या अभ्यासातून त्यातली काही जनुकं सापडली. त्यातली बरीचशी डीएनएची दुरुस्ती करणारी निघाली. आज औषध शोधणाऱ्यांचा मोठा डोळा तिथेच आहे.

न्यूजर्सीकर

मोघम यांना +१, डॉक्टरांनाही +१ (सासरी राहून ही सवय लागलीय).

टेस्टबद्दल एक सांगतो. टेस्ट येण्याआधी सर्व्हे झाले तेव्हा धोका असलेले बहुतेक जण "हो, करणार" म्हणाले होते. आल्यावर करणारे फार थोडे निघाले, पाचातला जेमतेम एक. इलाज नसताना कळून काय करायचं, हे कारण आहेच. इकडे अमेरिकेत दुसरंही आहे. २००८ च्या कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करता येत नाही. पण आयुर्विमा आणि म्हातारपणीच्या शुश्रूषेचा विमा त्यात येत नाही. हंटिंग्टनमध्ये गरज नेमकी त्याचीच. त्यामुळे इथे आधी पॉलिसी, मग टेस्ट असा क्रम लावणारे लोक आहेत. भारतात काय स्थिती आहे?

सदाफुली वकील

२०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका हृदयविकाराच्या प्रकरणात म्हटलं, की आजार जनुकीय आहे एवढ्याच कारणावरून आरोग्य विम्याचा दावा सरसकट नाकारणं हा भेदभाव आहे. विमा नियामकानेही कंपन्यांना तशा सूचना दिल्या. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. अमेरिकेसारखा स्वतंत्र कायदा मात्र आपल्याकडे नाही. थोडक्यात, पॉलिसीचा कागद चष्मा लावून वाचा.

गुळांबा

हे सगळं पाश्चात्त्य वैद्यकाचं घाबरवणं आहे. ब्राह्मी आणि शंखपुष्पी तीन महिने घ्या, शिरोधारा करा, मेंदूचे सगळे विकार जातात. माझ्याकडे वैद्यांचा नंबर आहे, हवा असल्यास व्यनि (खाजगी निरोप) करा.

आडवाटेचा डॉक्टर

गुळांबा, शिरोधारेने झोप छान लागत असेल, त्याला माझी ना नाही. अक्षरं ४४ ची २० होत नाहीत. नंबर कृपया नको.

घाटवाट

लग्नाच्या प्रश्नावर कुणी बोलत नाहीये म्हणून मीच बोलतो. मुलीकडच्यांना सांगायलाच हवं. उद्या तिला कळेल तेव्हा आजारापेक्षा फसवणूक जास्त लागेल.

तिरफळ

घाटवाट, पटतंय. पण मामीच्या जागी उभं राहून बघा. बारा वर्षं नवऱ्याचं केलं, गावाने दारुड्याची बायको म्हटलं. आता मुलाचं लग्न हे एकच चांगलं घडायचं राहिलंय तिच्या आयुष्यात. सांगितलं की स्थळ आलं तसं जाणार, आणि बातमी अख्ख्या तालुक्यात. त्याच्या दोन चुलत बहिणी आहेत, त्यांचीही अडणार.

सदाफुली वकील

मी स्वतः सांगेन. पण "मुलीकडच्यांना" नाही, मुलीला. दोघांनी कॉफी प्यायला भेटावं, त्याने तिला सांगावं, तिने वेळ घ्यावा. पंचवीस माणसांच्या बैठकीत वंशावळ मांडायची गरज नाही. आणि त्याने टेस्ट केलीच पाहिजे असा हट्ट तिनेही धरू नये. वडिलांना होता एवढं सांगणं पुरेसं प्रामाणिक आहे.

न्यूजर्सीकर

मूल हवं असेल तरी मार्ग आहे, हेही त्या मुलाला कळू दे. आयव्हीएफमध्ये गर्भ तपासून दोष नसलेला निवडता येतो. स्वतःचा निकाल जाणून न घेताही हे करता येतं. इकडे काही जोडप्यांनी तसं केलंय. खर्चिक आहे, हे आहेच.

मोघम

डॉक्टर, औषधाचं काय? १९९३ ला जीन सापडला, तीस वर्षं उलटून गेली.

आडवाटेचा डॉक्टर

आजार थांबवणारं सिद्ध औषध अजून नाही. टेट्राबेनाझिनने हालचाली कमी होतात, ते आपल्याकडेही मिळतं. नैराश्य आणि चिडचिडीवर औषधं आहेत आणि ती वेळेवर दिली तर घर खूप सावरतं. टोमिनरसेन नावाचं पाठीच्या कण्यातून द्यायचं औषध होतं. त्यावर सगळ्यांची फार भिस्त होती. मार्च २०२१ मध्ये तिसऱ्या टप्प्यातली चाचणी थांबवावी लागली. वारंवार डोस घेणाऱ्यांची तब्येत खोटं औषध घेणाऱ्यांपेक्षा खालावली होती. पेशंटच्या घरून फोन येत होते आणि सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये एका कंपनीने जीन थेरपीचे आकडे जाहीर केले. मेंदूचं ऑपरेशन करून थेट स्ट्रायटममध्ये औषध सोडायचं. जास्त डोस मिळालेल्यांमध्ये तीन वर्षांत आजाराचा वेग ७५ टक्के मंदावला असं त्यांचं म्हणणं. त्या गटात तीन वर्षं पूर्ण केलेले बाराच पेशंट. त्यामुळे मी खूश आहे, पण पेढे आणलेले नाहीत.

तिरफळ, तुमच्या मामेभावासाठी : टेस्ट बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेत होते, खाजगी लॅबमध्येही होते. पण खाजगी लॅबमध्ये थेट रक्त देऊन ईमेलवर रिपोर्ट मागवू नका, प्लीज. आधी जनुकीय समुपदेशन, मग विचार करायला काही आठवडे, मग रक्त, आणि निकाल समोरासमोर, सोबत एक विश्वासाचं माणूस घेऊन. अगदी निकालाच्या दिवशीसुद्धा "मला नाही ऐकायचा" म्हणून उठून जायचा हक्क त्याला आहे. नाहीच करायची असं ठरवलं तर तोही निर्णयच आहे, कुणी पळपुटा म्हणू नये. मामांची टेस्ट झाली असेल तर तो रिपोर्ट शोधून ठेवा, त्यातला आकडा लागेल.

तिरफळ

रिपोर्ट मामीच्या ट्रंकेत आहे, लग्नपत्रिकांच्या पुडक्यात. पुढच्या आठवड्यात आजोळी जातेय, फोटो काढून आणते. समुपदेशनाला त्याच्याबरोबर मी गेले तर चालेल का? सख्खी बहीण नाही मी त्याची.

आडवाटेचा डॉक्टर

चालेल. नातं कुणी विचारत नाही. त्याने "ही माझ्याबरोबर आहे" म्हटलं की झालं. जायच्या आधी वडिलांकडच्या सगळ्यांची यादी करा : कोण, कितव्या वर्षी गेलं, शेवटी कसं चालायचे, लोक काय म्हणायचे. दारुडा म्हणून गेलेले तर आवर्जून लिहा.